सर म्हणाले, फार अपेक्षा ठेवू नका

प्रश्न: ताई, मी कळव्याला चाळीत राहते, चार घरी पोळीभाजीची कामं करते, मिस्टर रिक्षा चालवतात. मुलगा नववीत आहे. पालकसभेत सर म्हणाले, पिसा म्हणून जगभरची परीक्षा असते, त्यात दिसलंय की गरिबाघरची पोरं मागेच राहतात, फार अपेक्षा ठेवू नका. तेव्हापासून कशात मन लागत नाहीये. खरंय का हे? क्लास बंद करू का?

उत्तर: क्लासचं नंतर बघू, आधी सरांचं. ते अर्धंच बोलले. पिसा ही ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेची चाचणी, 2000 पासून होते, 15 वर्षांच्या मुलांची, गणित, वाचन आणि विज्ञान. पेपरासोबत मुलांकडून एक फॉर्मपण भरून घेतात, आईवडील किती शिकलेत, काय काम करतात, घरी पुस्तकं किती असलं सगळं, आणि त्यावरून घरची परिस्थिती आकड्यात मांडतात. (म्हणून आता उगाच रद्दीवाल्याकडून पुस्तकं आणून कपाट भरू नका हं, त्याने मार्क वाढत नाहीत!)

2022 ला गणितात ओईसीडी देशांमधे सगळ्यात सुखवस्तू पाव भाग मुलं आणि सगळ्यात गरीब पाव भाग मुलं यांच्यात पिसाच्या मोजपट्टीवर सरासरी 93 गुणांचं अंतर होतं (हे शंभरपैकी गुण नव्हेत). खूप आहे, लपवत नाही. पण मुलामुलांच्या गुणांत जो फरक पडतो त्यातला घरच्या परिस्थितीशी जोडता येतो तो साधारण 15 टक्केच, आणि त्या गरीब पाव भागातल्या दर दहातलं एक मूल तर आपल्या देशातल्या वरच्या पाव भागात जाऊन बसतं. हाँगकाँग, मकाऊकडे परिस्थितीचा परिणाम बराच कमी दिसतो, म्हणजे शाळेच्या हातात काहीच नसतं असं सरांनी तरी म्हणू नये.

आणि आपल्याकडचं म्हणाल तर 2009 च्या फेरीत फक्त तामिळनाडू आणि हिमाचलची मुलं बसली, दोन्ही राज्यं पार तळाला गेली, त्यानंतर आपण लांबच राहिलो. महाराष्ट्रातली मुलं त्यात कधी बसलीच नाहीत, मग कळव्याच्या पोराचं भविष्य सरांनी त्यातून कुठून काढलं?

क्लास चालू ठेवायचा की नाही ते तिथे त्याला समजतंय का यावर ठरवा, फीवर नको. पुढच्या सभेत सरांना विचारा, गणितात नेमकं कुठे अडतंय, बीजगणितात की भूमितीत, आणि सांगतील ते तिथल्या तिथे वहीत लिहून घ्या.