डम्पवर झाडं लावायची? आधी माती बघ भाऊ

अरे भाऊ, घाई नको करू. उमरेडकडच्या कोळसा खाणीचा डम्प, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या दगड-मातीचा ढीग, आणि मनसर-गुमगावकडचा मँगनीजचा, दोन्ही दिसायला सारखेच ओसाड, पण दोघांना एकच औषध चालत नाही. आधी आठ-दहा जागची माती एकत्र करून पीएच काढून घे, आम्लधर्मी निघाली तरच चुना टाकायचा, उगाच सगळे टाकतात म्हणून नाही.

खरी भानगड काय आहे माहितेय का, ती माती नसतेच, नुसता मुरूम-दगडाचा चुरा, त्यात सेंद्रिय कर्ब नाही, नत्र नाही, जिवाणू नाहीत, पाणी टाकलं की सरळ खाली. म्हणून एकटा युरिया टाकून काही होत नाही, पहिल्या पावसात वाहून जातो. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेवाल्यांनी गुमगावला साखर कारखान्याची मळी (प्रेसमड, रस गाळून उरलेला गाळ) आणि सोबत रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर हे नत्र धरणारे जिवाणू अन् मायकोरायझा ही मुळांना साथ देणारी बुरशी देऊन झाडं उभी केली होती, तोच रस्ता धर. दोन-दोन फुटाचा खड्डा उन्हाळ्यातच खणून ठेव, मळी नाहीतर शेणखत चांगलं मिसळ, आणि मायकोरायझा मुळाला चिकटेल असा टाक, वरून शिंपडून काय उपयोग.

शेणखत मात्र पुरतं कुजलेलं घे बरं. मी एकदा अर्धकच्चं टाकलं, उधईनं करंजाची रोपं बुडापासून पोखरली, हात लावला की उपटून हातात!

औष्णिक वीज केंद्राची राख फुकट मिळते म्हणून ट्रक ओतू नको, बोरॉन जास्त झालं तर पानांच्या कडा जळतात. आधी कुंडीत मूग पेरून बघ.