प्रमाणपत्र एक, पण पैसे कोणत्या खिडकीतून?

प्रश्न : माझ्या मिस्टरांचा उजवा हात आठ महिन्यांपूर्वी कारखान्यात पॉवर प्रेसमध्ये मनगटाच्या वरून गेला. 65 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालंय. कंपनीने कामावरून कमी केलं. कोणी म्हणतं संजय गांधी योजनेत अर्ज करा, कोणी म्हणतं केंद्राची इंदिरा गांधी पेन्शन घ्या, दोन्ही मिळतील. खरं काय?

उत्तर : ताई, आधी मिस्टरांचं अपघाताच्या महिन्याचं पगारपत्रक शोधा. ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आणि पीएफ कापल्याचे आकडे त्यावर आहेत का, ते बघा. तुमच्या पत्रात या दोन्हींचा उल्लेखच नाही आणि मला काळजी वाटतेय ती त्याचीच.

तुम्ही नावं घेतलेल्या दोन्ही योजना गरिबीसाठी आहेत. संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्याची. 40 टक्क्यांच्या पुढे दिव्यांगत्व, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत आणि वय 18 ते 65 असेल, तर तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना महिना 2,500 रुपये आहेत. इंदिरा गांधी पेन्शनला दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब आणि 80 टक्के दिव्यांगत्व लागतं. मिस्टर 65 टक्क्यांवर आहेत, म्हणजे ती बसत नाही. बसली असती तरी दुप्पट पैसे आले नसते. केंद्राचे 300 रुपये धरून त्या 2,500 पर्यंतची उरलेली रक्कम राज्य घालतं.

ईएसआयचं तसं नाही. तिथे कोणी तुमचं उत्पन्न विचारत नाही. कामावर अपघात झाला, कायमचं अपंगत्व आलं, तर दर महिन्याला पैसे आणि तेही आयुष्यभर. किती, ते त्यांचं वैद्यकीय मंडळ ठरवतं. तुमच्या हातातलं 65 टक्क्यांचं प्रमाणपत्र तिथे जसंच्या तसं चालत नाही, कारण ते शरीराची हानी मोजतं आणि मंडळ कमावण्याची ताकद किती गेली ते मोजतं. त्यांच्या तक्त्यात पंजा गेला तर 60 टक्के धरतात. आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका.

या सगळ्याचं मूळ कारखान्याने पाठवलेल्या अपघात अहवालात आहे. माझी स्वतःची तीन बोटं प्रेसमध्ये गेली, तेव्हा सुपरवायझर दवाखान्यात येऊन म्हणाला, ‘घरी पडलो असं सांग, औषधपाण्याचं आम्ही बघतो.’ मी डाव्या हाताने सही केली. त्या एका सहीने माझा हक्क गेला. मिस्टरांकडून असं काही लिहून घेतलंय का, हे त्यांना शांतपणे विचारा. घेतलं असेल तर दवाखान्याचा पहिला केसपेपर आणि त्या दिवशी शेजारच्या मशीनवर असलेल्या सहकाऱ्याचं लेखी म्हणणं आजच मिळवा.

पीएफच्या पेन्शनमध्येही अपंगत्वाची सोय आहे. 10 वर्षं नोकरीची अट तिला नाही, एक महिन्याची वर्गणी भरलेली पुरते. मात्र अपंगत्व पूर्ण आणि कायमचं ठरावं लागतं. एका हाताच्या बाबतीत ते अवघड जातं, तरी अर्ज करा.

संजय गांधीचा अर्ज शेवटी ठेवा. ईएसआयचे पैसे सुरू झाले की 50,000 ची मर्यादा बहुधा ओलांडली जाईल. पगारपत्रकावर ईएसआयचा आकडाच नसेल, तर मला परत लिहा. सोबत हजेरी कार्डाची झेरॉक्स जोडा.