यात तू कुठे आहेस?

पावसाळ्यात पत्रं वाढतात हा माझा जुना अनुभव, लोक घरी बसतात आणि बसले की लिहितात. ह्या खेपेला बहुतेक पत्रं पुस्तकांबद्दलचीच आहेत. तीन घेतलीयत. मधलं मोठं आहे, आणि खरं सांगायचं तर ह्या महिन्याचा सगळा कॉलम मी त्या एका पत्रासाठीच लिहितेय, बाकीची दोन त्याला धरून आली.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. इंग्रजीतल्या त्या 'यंग अडल्ट' कादंबऱ्या सोडून दुसरं काही हातात धरत नाही, रात्री एक-एक वाजेपर्यंत वाचत बसतो. मी चाळून बघितल्या तर प्रत्येकात कुणीतरी मरतंय नाहीतर कुणाचं कुणाशी जमतंय. एकीत तर सरकारच मुलांना टीव्हीवर एकमेकांना मारायला लावतं! बंद करावं का हे वाचन? – एक बाप, म्हापसा

उत्तर : नका हो बंद करू. ती टीव्हीवाली म्हणजे 'द हंगर गेम्स', 2008 सालची, आणि त्यात मारामारी आहे ती मजा म्हणून नाहीय, लोक ती मारामारी घरात बसून मजेत बघतात ह्याचाच लेखिकेला राग आहे, हे तुमच्या मुलाला कळलेलं असणार, विचारून बघा. आणि आपण त्याच्या वयात काय वाचत होतो ते आठवा की जरा. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं 'पाडस' आपल्याकडे किती घरांत होतं. त्यात पोरगा हरणाचं पिल्लू जिवापाड वाढवतो, ते शेत खायला लागतं, आई गोळी घालते ती नीट लागत नाही, आणि शेवटी त्या पोरालाच ते संपवावं लागतं. ह्याहून कठोर आजच्या पुस्तकांत काय आहे? श्यामची आईसुद्धा शेवटी जातेच. रात्री एक वाजता दिवा बंद करायला लावा, ते भांडण वेगळं, त्यात मी तुमच्या बाजूने. पण चाळू नका, त्यातलं एक पुस्तक पहिल्या पानापासून वाचा, म्हणजे जेवताना बोलायला विषय तरी होईल.

प्रश्न : नमस्कार ताई, मी अकरावी आर्ट्सला आहे, वाळपईच्या जवळ राहते. आम्हाला प्रोजेक्ट आहे, किशोरवयीन मुलांवरच्या तीन कादंबऱ्या वाचायच्या आणि प्रत्येकीवर दोन पानं 'पर्सनल रिस्पॉन्स' लिहायचा. मी 'शाळा' घेतली, 'द आउटसायडर्स' आणि 'द फॉल्ट इन अवर स्टार्स'. सगळं नीट लिहिलं, कथानक, पात्रं, संदेश, तरी मिसनी तिन्हींवर लाल पेनने एकच लिहिलंय, 'हा सारांश झाला. यात तू कुठे आहेस?' आता मी पुस्तकात कशी असणार ताई? दहावीपर्यंत तर निबंधात 'मी' लिहू नका सांगायचे. दुसरं म्हणजे, तिसरं पुस्तक वाचून माझी मैत्रीण रात्रभर रडली, मला एक टिपूस आलं नाही, उलट रागच आला, आणि हे कुणाला सांगायची सोय नाही कारण सगळ्यांना ते आवडतं. 'शाळा' आवडली पण त्यातल्या शिरोडकर नावाच्या मुलीमुळे मध्ये मध्ये चिडचिड झाली. 'आउटसायडर्स'मध्ये नुसती पोरांची मारामारी, माझा काय संबंध. 'आवडलं नाही' असं लिहिलं तर चालतं का? आणि अक्षराबद्दल सॉरी हं, घरी आजीला ऑक्सिजनचं मशीन लावलंय, लाईट गेली की भावाला उठवून सिलिंडर लावावा लागतो, काल दोनदा गेली, त्यामुळे हे तुकड्या-तुकड्यात लिहिलंय. – एक विद्यार्थिनी, सत्तरी

उत्तर : अगं बाय, तुझा रिस्पॉन्स तू लिहून टाकलायस. वहीत नाही, पत्राच्या शेवटच्या ओळीत, सॉरी म्हणत म्हणत.

बघ ना. 'द फॉल्ट इन अवर स्टार्स', 2012 चं पुस्तक, ज्यावर नंतर हिंदीत 'दिल बेचारा' निघाला. त्यातली हेझल सोळा वर्षांची, थायरॉइडचा कॅन्सर फुफ्फुसात पसरलेला, नाकात नळी, आणि बाहेर पडली की सिलिंडर मागे ओढत चालायचं. घरातल्या ऑक्सिजनच्या मशीनला तिने नाव ठेवलंय, फिलिप! तू पत्रासोबत जोडलेल्या प्रोजेक्टच्या पानात हे कुठेच नाही. तुझ्या पानात काय आहे, तर 'ही कादंबरी प्रेम, मैत्री आणि त्याग यांचे महत्त्व सांगते'. हे वाक्य कुठल्याही पुस्तकाला लागतं गं, साबणाच्या वेष्टनावर छापलं तरी खपेल. पण ज्या मुलीच्या घरी तेच मशीन रात्रंदिवस घुरघुरतं, तिने हेझल विमानाने ॲम्स्टरडॅमला निघते ते पान वाचताना काय केलं? मला वाटतं तू आधी मनात हिशेब केलास. सिलिंडर किती वेळ पुरतो, वाटेत संपला तर कोण बदलणार, लाईट गेली तर. तुझी आजी वाळपईच्या बाजारापर्यंत तरी जाऊ शकते का आता? तुझा राग इथला असणार असा माझा अंदाज आहे, आणि चुकला असेल तर खोडून टाक, राग तुझा आहे. मैत्रीण रडली कारण तिला ती लव्हस्टोरी दिसली. तुला मशीन दिसलं. दोघींनी तेच पुस्तक वाचलं आणि कुणी चुकीचं वाचलं नाही.

हे माझ्या डोक्यातून काढलेलं नाही हं. लुईस रोझेनब्लाट म्हणून अमेरिकेत एक प्राध्यापिका होऊन गेल्या, त्यांनी 1938 मध्येच शिक्षकांसाठी पुस्तक लिहून सांगितलं होतं की कविता-कथा नुसती कागदावर नसते, वाचणारा आणि मजकूर एकत्र आले की ती घडते. पुढे त्यांनी वाचनाचे दोन प्रकार सांगितले आणि त्याला एक उदाहरण दिलं ते मी विसरू शकत नाही. पोरानं विषारी काहीतरी पिऊन टाकलंय आणि आई बाटलीवरचं लेबल वाचतेय. तिला शब्दांची लय, सौंदर्य काही नको, उतारा काय तेवढा हवाय, वाचून ती तेवढंच घेऊन पळणार. परीक्षेसाठी आपण असंच वाचतो, लेबल वाचल्यासारखं. दुसरं वाचन म्हणजे वाचता वाचता आपल्या आत काय हलतंय त्याच्याकडेही लक्ष असणं. तुझ्या मिसना हे दुसरं हवंय, आणि दहा वर्षं तुला पहिलंच शिकवलं, मग गोंधळ होणारच, त्यात तुझा काही दोष नाही. 'मी' बिनधास्त लिही. पर्सनल म्हटल्यावर 'मी' नाही तर काय 'आम्ही ग्रामस्थ' लिहिणार?

आता 'शाळा'. शिरोडकरमुळे चिडचिड झाली म्हणतेस, पण का ते लिहिलंच नाहीस आणि खरी मजा तिथे आहे. मिलिंद बोकिलांची ही कादंबरी 2004 ची, काळ आणीबाणीचा, सांगणारा मुकुंद जोशी नववीतला. सगळं त्याच्या डोळ्यांनी. शिरोडकर कशी चालते, कशी बघते, ती बघितली की ह्याच्या पोटात काय होतं. तिच्या पोटात काय होतं ते आपल्याला कोण सांगणार? तिच्या तोंडची वाक्यं पेन्सिलने खुणा करत मोज एकदा. मग ठरव, हा लेखकाचा दोष म्हणायचा, की नववीतल्या पोराला समोरची मुलगी दिसते ती तेवढीच दिसते आणि पुस्तक तेच प्रामाणिकपणे दाखवतंय. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्याचाच पुळका आला होता. शिक्षिका झाल्यावर पुन्हा वाचली तर मी वर्गातल्या मुलींच्या बाकाकडे बघत होते. 'आवडलं नाही' लिहिलं तर शंभर टक्के चालतं, फक्त कुठल्या पानावर आणि कशामुळे, हे पुढे यायला हवं, नाहीतर ती नुसती कुरकुर होते. आणि चिडूनही पुस्तक खाली ठेवलं नाहीस ना, तेही लिही.

'आउटसायडर्स'चं मात्र मला हसू आलं. माझा काय संबंध म्हणतेस! शेवट आठव. पोनीबॉय, म्हणजे गोष्ट सांगणारा पोरगा, इंग्रजीत नापास व्हायच्या बेतात असतो, सर म्हणतात एक चांगला निबंध लिहून दे, पास करतो. तो लिहायला बसतो आणि पहिलं वाक्य काय लिहितो, तर कादंबरीचंच पहिलं वाक्य. म्हणजे आपण जे दोनेकशे पानं वाचलं तो त्याचा होमवर्क होता! तुझ्याच प्रोजेक्टसारखा, सरांनी मागितलेला. आणि लिहिणारी एस. ई. हिंटन, ती सुरुवात केली तेव्हा पंधरा वर्षांची होती, 1967 मध्ये पुस्तक आलं तेव्हा जेमतेम अठराची, आणि ज्या वर्षी ते लिहीत होती त्याच वर्षी शाळेत क्रिएटिव्ह रायटिंगला तिला डी ग्रेड मिळाली होती. पोरांच्या मारामाऱ्यांचं पुस्तक मुलीने लिहिलंय म्हटल्यावर समीक्षक नाक मुरडतील म्हणून पूर्ण नाव न छापता नुसती आद्याक्षरं छापली. हे कळल्यावर तीच मारामारी परत वाचून बघ, काही वेगळं वाटतंय का. नाही वाटलं तर तसंच लिही. पण उगाच ओढूनताणून 'आमच्याही गावात दोन गट आहेत' असलं काही घालू नकोस, माझ्या एका विद्यार्थ्याने एकदा ह्याच पुस्तकाची सांगड शिगम्याच्या मिरवणुकीतल्या बाचाबाचीशी घातली होती, चार ओळींत त्याचं त्यालाच कळेना की आता पुढे काय लिहायचं. संबंध नसला तर नसला. कुठे कंटाळा आला ते पान सांग, तोही रिस्पॉन्सच.

लिहायचं कसं विचारशील, तर सारांश दोन-तीन ओळींत संपव, मिसनी पुस्तक वाचलेलं आहे. मग सरळ त्या पानावर जा जिथे तू थांबलीस. पुस्तकातलं एक वाक्य जसंच्या तसं उतर, खाली त्या क्षणी तुझ्या घरात काय चाललं होतं ते. मशीनचा आवाज कसा येतो, लाईट गेल्यावर तो थांबतो तेव्हा घर कसं होतं, भाऊ उठायला किती वेळ लावतो. मग परत पुस्तकाकडे ये, ही ये-जा महत्त्वाची, नाहीतर दोन पानं आजीबद्दलच होतील आणि मिस म्हणतील पुस्तक कुठे गेलं. फिलिप हे नाव ठेवणं तुला गोड वाटलं की वरवरचं वाटलं? तुमच्याकडे मशीनला काय म्हणतात?

आणि वर्गात वाचून दाखवायचं असेल तर आधी आजीला विचार. तिची गोष्ट आहे ती, तिने नको म्हटलं तर तो भाग फक्त मिसना दे.

पुस्तकं परत हवी असतील आणि तालुक्याच्या वाचनालयात नसतील तर पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात विचारून बघ, कदंबाच्या बस स्टँडवरून चालत जाता येतं. 1832 साली सुरू झालेलं आहे ते, एवढ्या जुन्या ठिकाणी बसून नववीतल्या पोराचं प्रेमप्रकरण वाचायला वेगळीच मजा येते, मी केलेलं आहे.

प्रश्न : मी हायर सेकंडरीला शिकवते. पर्सनल रिस्पॉन्स दिला तर पस्तीसपैकी वीसेक वह्यांत एकच वाक्य, 'या कादंबरीने मला मैत्रीचे महत्त्व शिकवले'. काहींनी सरळ मोबाइलवरून लिहून घेतलंय, भाषा इतकी गुळगुळीत की वेलांटीसुद्धा चुकत नाही. मार्क कसे द्यायचे? रिस्पॉन्स पर्सनल आहे म्हटल्यावर चूक-बरोबर तरी कसं ठरवायचं? – एक शिक्षिका, फोंडा

उत्तर : बाई, वरचं सत्तरीचं पत्र वाचलंत ना? मिसनी लिहिलेला तो एक लाल प्रश्न तुम्हीही उसना घ्या. 'शिकवले' ह्या शब्दावर वर्षभर बंदी घाला, पोरं आठवडाभर कुरकुरतील आणि मग त्यांना दुसरं क्रियापद शोधावंच लागेल. भावनेला मार्क देऊ नका. रडला त्याला आठ आणि नाही रडला त्याला पाच, असं नकळत होतं आपल्याकडून, मी स्वतः केलंय आणि मला त्याची अजून लाज वाटते. पान नंबर आहे का, पुस्तकातलं वाक्य आहे का, आणि आपलं म्हणणं त्या वाक्याला टेकवलंय का, एवढंच बघा. पुस्तकात नसलेलं कुणी ठोकून दिलं असेल तर मार्क काटा, तेवढं चूक-बरोबर पर्सनल रिस्पॉन्समध्येही असतंच.

मोबाइलवाल्यांना पकडायच्या मागे लागू नका, वेळ जातो आणि वर्गाचा मूड पण. वही बंद करून समोर उभं करा आणि विचारा, कुठल्या पानावर कंटाळलास? ज्याने वाचलंय तो लगेच सांगतो, वर तक्रारही करतो. ज्याने वाचलेलं नाही तो म्हणतो, कंटाळा आलाच नाही मिस.