हवा आधी संपते, डाइव्हमास्टर करू का?

प्रश्न : मी कोल्हापूरची, टी. वाय. बीएस्सी (प्राणिशास्त्र). तारकर्लीत स्कूबा डायव्हिंगचे ओपन वॉटर आणि ॲडव्हान्स्ड हे पहिले दोन कोर्स केले, आतापर्यंत २२ डाइव्ह झाल्या. माझी हवा सगळ्यांच्या आधी संपते. डिसेंबरात डाइव्हमास्टर, म्हणजे इतरांना पाण्याखाली नेणाऱ्याचा व्यावसायिक कोर्स, करू का? आई विचारते, यात नोकरी आहे का?

उत्तर : पाडी (PADI) या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेचा डाइव्हमास्टर कोर्स सुरू करायलाच ४० डाइव्ह आणि रेस्क्यू डाइव्हर हा बचावाचा कोर्स लागतो, पूर्ण होईपर्यंत ६० डाइव्ह. म्हणजे तुझा डिसेंबर तसाही हुकला. बरंच झालं! खरी अडचण तू एका ओळीत उरकलीस : हवा.

बहुतेकदा दोष बुडण्यासाठी कमरेला बांधलेल्या वजनाचा असतो. नवख्याला पटकन खाली जाता यावं म्हणून दोन-तीन किलो जास्तच बांधतात. मग ते तोलायला अंगातल्या फुगणाऱ्या जॅकेटमध्ये सिलिंडरची हवा भरायची, त्यानं छाती वर नि पाय खाली, आणि तशा तिरक्या अंगानं फिन्स मारत राहायचं. दम लागणारच. त्यात १८ मीटरवर दाब पृष्ठभागाच्या २.८ पट, त्यामुळे प्रत्येक श्वासाला सिलिंडरमधली हवाही तेवढ्या पटीनं जाते.

पुढच्या खेपेला डाइव्ह संपवून वर आलीस की, सिलिंडरमध्ये ५० बार (हवेच्या दाबाचं माप) उरलेले असताना, जॅकेट पूर्ण रिकामं कर. नेहमीसारखा श्वास भरून पाय न हलवता राहा. पाणी डोळ्यांच्या रेषेत हवं. श्वास सोडलास की डोकं बुडायला हवं. भरल्या श्वासानंही बुडालीस तर वजन जास्त आहे. प्रशिक्षकाला सांगून एकेक किलो उतरव.

मग तळाच्या थोडं वर, एका जागी तरंगून बघ. श्वास घेतला की अंग लगेच उचलत नाही, क्षणभर उशीर होतो. नवखे नेमके तेवढ्यात जॅकेटमध्ये हवा भरायचं बटण दाबतात आणि फुग्यासारखे वर जातात. हवा वाचवायला श्वास रोखून धर असं कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नकोस. रोखलेल्या श्वासानं वर येताना फुप्फुसांना इजा होते.

लॉगबुकात नुसती तारीख नि ठिकाण नको. वजन, सुरुवातीचे-शेवटचे बार, खोली, वेळ हेही लिही. जमलं तर वेगळ्या पाण्याचा सराव म्हणून काही डाइव्ह कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला किंवा अंदमानात कर.

आईंना सांग, नोकरी आहे, पण हंगामी. पावसाळ्यात मालवणचं डायव्हिंग बंद असतं. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात काम करणारे डायव्हर वेगळे, त्यांचं प्रशिक्षणही वेगळं. डाइव्हमास्टरचं कार्ड तिथे चालत नाही. तुझं प्राणिशास्त्र मात्र सोडू नकोस. प्रवाळांच्या सर्वेक्षणाला प्राणी ओळखणारा आणि पाण्यात स्थिर राहणारा, असा दोन्ही येणारा माणूस लागतो.