‘ऋचा’ ठेवताय ना? मग जन्मदाखल्यावरचं इंग्रजी स्पेलिंग आधी ठरवा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. लेक पाच महिन्यांची, बारशाला ऋचा नाव ठेवलं, सासूबाईंना राशीवरून ‘व’ हवा होता, जाऊबाई म्हणतात नाव जुनं वाटतं, आणि सगळ्यात शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की जन्मनोंदणीच्या ऑफिसमधला माणूस म्हणाला ‘इंग्रजी स्पेलिंग सिस्टिम आपोआप घेते, तुम्ही काळजी करू नका’. काळजी करायची असेल तर फक्त त्याचीच करा. बाकीचं घरात मिटतं.

आमच्या लेकीचं नाव ऋतुजा. आपण मराठी माणसं ऋ चा उच्चार रु करतो, हिंदीवाले रि करतात, त्यामुळे इंग्रजीत ‘आर यू’ पण चालतं आणि ‘आर आय’ पण. आम्ही अर्जावर मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं, आर यू. दाखला हातात आला तेव्हा मराठीत ऋतुजा बरोबर, इंग्रजीत आर आय. तिथेच काउंटरवर दाखवलं तर उत्तर मिळालं, ‘मराठीत बरोबर आहे ना, मग झालं, इंग्रजी कोण बघतंय.’ नंतर म्हणे अ‍ॅफिडेव्हिट आणा. ते दिलं तर साहेब बदलले, नवीन साहेब म्हणाले हा नावात बदल आहे, आधी गॅझेट करा, म्हणजे सरकारी राजपत्रात नावबदल छापून आणा, मग या. इथे आमचं सगळ्यात जास्त नुकसान झालं, पैशाचं कमी, वेळेचं आणि डोक्याचं जास्त. अहो, गॅझेट हे नाव बदलणाऱ्यांसाठी. आम्ही नाव बदलतच नव्हतो, त्यांच्या टायपिंगमधली चूक दुरुस्त करा म्हणत होतो! मधल्या काळात आधार दाखल्याप्रमाणे आर आय झालं, शाळेच्या फॉर्मवर आम्ही आर यू लिहिलेलं, आणि पासपोर्टच्या वेळी दोन्ही कागद एकमेकांसमोर आले.

शेवटी काम कशामुळे झालं ते सांगते. जन्म मृत्यू नोंदणी कायदा 1969 चा आहे, त्याचं कलम 15 नोंद दुरुस्त किंवा रद्द करण्याबद्दल आहे. नोंद चुकीची आहे याची निबंधकाची, म्हणजे नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याची, खात्री पटली तर तो मूळ नोंदीला हात न लावता समासात दुरुस्ती लिहून सही आणि तारीख टाकू शकतो. आम्ही आमच्या मूळ अर्जाची झेरॉक्स जोडली, कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज दिला आणि पोच मागितली. पोच मागितल्यावर बोलण्याचा सूर बदलला. मी वकील नाही, प्रत्येक ठिकाणी कागद थोडे वेगळे मागतात, त्यामुळे तुमच्याकडे काय लागतं ते तिथेच लेखी विचारा. पण चूक त्यांची असताना कोणी गॅझेट म्हटलं तर लगेच मान हलवू नका एवढं नक्की.

तुमचा दाखला अजून नावाशिवायच आहे ना, मग तुमची बाजू चांगली आहे. कलम 14 प्रमाणे बाळाचं नाव नंतर घालता येतं, नोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत लेट फी नाही, त्यानंतर फी भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे ‘आजच नाव द्या नाहीतर राहिलं’ असं जे तुम्हाला सांगितलंय ते घाई करायला आहे. अगदी रेंगाळूही नका, कारण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, लायसन्स सगळीकडे जन्मतारखेसाठी हाच दाखला लागणार, पूर्वीसारखं दुसऱ्या कागदावर भागत नाही. आणि प्रिंट काढायच्या आधी स्क्रीनवर दाखवा म्हणा, आपल्या डोळ्यांनी एकेक अक्षर वाचा, आईवडिलांच्या नावांचं पण, कारण महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. तुमच्या आधारवरचं स्पेलिंग आणि हे जुळलंच पाहिजे.

आर यू की आर आय हे तुम्ही दोघांनी बसून ठरवा. माझं मत आर यू, कारण आपण हाक तशीच मारतो. पण एक लक्षात ठेवा, आर यू वरून परत कोणी मराठी टाइप केलं की ‘रुचा’ होतं, शाळेत आमच्याकडे ‘रुतुजा’ झालंच होतं. आर आय घेतलं तर उत्तरेत कुठे अडणार नाही, घरच्यांना मात्र ते परकं वाटेल. नोकरी निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहणार असाल तर आर आय चा विचार जरूर करा, काही कमीपणा नाही त्यात.

आता सासूबाईंचं. ‘व’ म्हणजे बहुतेक रोहिणी नक्षत्र असणार, त्याची अक्षरं ओ वा वी वू. 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, अशी ती अक्षरं येतात. पत्रिकेत नावरस नाव, म्हणजे त्या अक्षरावरून येणारं नाव, वेगळं लिहिता येतं, आमच्या घरी तेच केलं, आणि पाळण्यात ते नाव आत्याने कानात सांगितलं. सासूबाईंचा मान राहिला, कागदावर एकच नाव राहिलं. श्रद्धा असेल तर ती मोडायची काहीच गरज नाही असं मला मनापासून वाटतं.

जाऊबाईंना जुनं वाटतं म्हणून बदलू नका हो. नावांना चिकटलेल्या गोष्टी बदलत राहतात. जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकलं तेव्हा निसर्ग नावाच्या पोरांना किती चिडवलं असेल, आज कोण काढतंय तो विषय? द्रौपदी नाव मुलीला नको, नशिबी हाल येतात म्हणायचे, आता राष्ट्रपतींचं नाव तेच आहे. पण मुलीला दुखावणारी नावं मात्र खरंच असतात. साताऱ्यात 2011 मध्ये नकुशा नावाच्या अडीचशेच्या वर मुलींची नावं बदलली होती, मुलगा हवा असताना झालेल्या मुली त्या. त्या बातमीने मला तेव्हा रडू आलं होतं. नावातून मुलीला आपण हव्या होतो हे कळलं पाहिजे, एवढी एकच अट माझ्या मते ठेवावी, फॅशन जुनी की नवी हे नंतर.

आणि अर्थ बघताना त्या बेबी नेमच्या साइट्सवर भरवसा ठेवू नका, तिथे कुठल्याही नावाचा अर्थ ‘विष्णूचा अंश’ नाहीतर ‘देवाची देणगी’ असतो. आपट्यांचा संस्कृत कोश आणि मोल्सवर्थचा मराठी कोश दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत. ऋचा म्हणजे वेदातला मंत्र, तिथे शंकाच नाही.

दाखला नीट झाला की दोनतीन प्रती तेव्हाच मागून घ्या आणि एक स्कॅन करून नवऱ्याच्या आणि तुमच्या दोघांच्या मेलवर ठेवा. ऑफिसमध्ये काय म्हणाले ते इथे लिहा, पुन्हा गॅझेटचं नाव काढलं तर आमच्या अर्जाचा मसुदा मी पाठवते.