भरलेली बाटली परत का येते?

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची. वर्षभरात तीनदा लघवीला जळजळ झाली. डॉक्टर म्हणतात, पाणी वाढवा. घरी पिते, पण शाळेतून बाटली तशीच भरलेली आणते. रागावूनही पाहिलं. काय करावं?
– एक आई, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : रागावू नका. मुलगी हट्टी नाही, हिशेबी आहे. प्यायलं की जावं लागणार, आणि जायची सोय धड नसली तर ती पिणारच नाही. तिला नेमकं विचारा : दाराला कडी लागते का? मधल्या सुट्टीनंतर नळाला पाणी असतं का? पॅड टाकायला डबा आहे का? ट्यूशनचंही विचारा. सरांच्या घरी बाथरूम मागायला मुली लाजतात, म्हणजे संध्याकाळही कोरडीच जाते.

लघवी रोखली की आत शिरलेले जंतू, बहुधा आपल्याच आतड्यातले, धुऊन जायचे ते वाढत बसतात. मुलींची मूत्रनलिका आखूड, म्हणून ते मूत्राशयात लवकर पोचतात. घरी येऊन घटाघटा लिटरभर प्यायलं तरी शाळेतले सहा तास भरून निघत नाहीत. दिवसाला दीड ते दोन लिटर, वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त, पण थोडं थोडं. दर तीन-चार तासांनी जायलाच हवं. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय. पोट साफ होत नसेल तर त्यावरही उपाय करा. बद्धकोष्ठाने मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही, हे घरोघरी विसरलं जातं.

तिसरी खेप आहे, तेव्हा अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर, म्हणजे कोणते जंतू आहेत ते दाखवणारी तपासणी, करा. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधल्या धारेचा नमुना, लॅबच्या निर्जंतुक डबीत, तासाभरात पोचता, नाहीतर फ्रीजमध्ये. सोनोग्राफीबद्दलही डॉक्टरांना विचारा. थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं किंवा उलट्या असतील तर त्याच दिवशी दाखवा.

शाळेत 'स्वच्छता नाही' असं मोघम सांगितलं की 'बघतो' एवढंच ऐकून परत यावं लागतं. मुली किती, वापरण्याजोगी शौचालयं किती, पाणी किती वाजता संपतं, हे आठवडाभर टिपून न्या. मुलींसाठी वेगळं शौचालय २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर व्यवस्थापन समितीत विषय ठेवा. तिथे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. खासगी असेल तर चार-पाच आया मिळून जा. एकटीने गेलात तर वर्गात मुलीकडेच बोट दाखवलं जातं, आणि मग ती बाटलीच न्यायची सोडते.