‘बघू’ म्हणू नकोस

प्रिय,

इतर विभाग आयटीकडे ज्या मागण्या टाकतात, त्यांची रांग आता तुझ्याकडे आल्याचं कळलं. अभिनंदन करावं की सांत्वन, ठरत नाही, दोन्ही घे.

पहिला आठवडा नुसती रांग वाच. तीन जातींची कामं एकाच ढिगात दिसतील: बंद पडलेलं सुरू करणं, पासवर्ड-अॅक्सेससारखं नेहमीचं काही देणं, आणि नवं काही बनवणं. आयटीआयएलमध्ये, म्हणजे आयटी सेवा कशा चालवाव्यात हे सांगणाऱ्या चौकटीत, पहिल्याला इन्सिडेंट म्हणतात, दुसऱ्याला सर्व्हिस रिक्वेस्ट. ब्रिटिश सरकारच्या संगणक खात्यात १९८०च्या दशकात तयार झालेली ही चौकट पुढे फार फुगली. बाकीची नाही पाळलीस तरी चालेल, एवढी फारकत मात्र पाळ. पासवर्ड विसरलेल्याने नव्या सॉफ्टवेअरच्या मागे ताटकळायचं कारण नाही.

खरी पंचाईत तिसऱ्या प्रकारात. तिथे लोक अडचण सांगत नाहीत, थेट उपाय मागतात. ‘या रिपोर्टमध्ये आणखी एक कॉलम हवा.’ कशाला, असं विचारलंस की कळतं, तो रिपोर्ट एक्सेलमध्ये उतरवून कुणीतरी दर महिन्याला दुसऱ्या यादीशी हाताने ताडून बघतंय. म्हणजे कॉलम राहू दे, दोन याद्या जुळत का नाहीत हे आधी शोधायला हवं. मागणीच्या फॉर्मवर हे उमटत नाही. (‘बिझनेस जस्टिफिकेशन’चा, म्हणजे ‘हे का हवं’चा रकाना प्रामाणिकपणे भरलेला मी तरी पाहिलेला नाही.) फोन कर, जमलं तर शेजारी जाऊन बस आणि काम कसं चालतं ते बघ.

मग हिशेब मांड. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम सोपा आहे: रांगेतली कामं भागिले आठवड्याला उरकणारी कामं, म्हणजे सरासरी किती आठवडे थांबावं लागेल ते. १२० पेंडिंग आणि आठवड्याला १० उरकत असतील, तर १२ आठवडे. हा आकडा मागणाऱ्याला सरळ सांग. ‘बघू’वर विसंबलेला माणूस काही दिवस थांबतो, मग स्वतःच एक्सेलमध्ये मॅक्रो (छोटा प्रोग्राम) लिहितो किंवा परस्पर एखादी ऑनलाइन सेवा विकत घेतो. तो नोकरी सोडून गेला की ते निस्तरणं तुझ्याच गळ्यात. जे होणार नाही, त्याला त्याच आठवड्यात कारणासकट नाही म्हण. राग येईल, पण निदान दुसरी सोय बघायला त्यांना वेळ मिळेल.

क्रम मात्र एकट्याने लावू नकोस. सेल्सचंही अर्जंट, अकाउंट्सचंही अर्जंट. विभागप्रमुखांना एकत्र बसव, महिन्यात एवढीच कामं होतील म्हणून सांग आणि कोणती ते त्यांना ठरवू दे. भांडतील, भांडू दे. पुढे जिन्यात गाठून ‘जरा माझं आधी बघ ना’ म्हणणाऱ्या बड्या साहेबांनाही तीच यादी दाखवावी लागेल, तेव्हा तुझ्या वरिष्ठांचा पाठिंबा आजच मागून ठेव.

रांगेतलं सगळ्यात जुनं तिकीट, म्हणजे नोंदवलेली मागणी, कुठलं निघालं ते कळव. ते टाकणारी व्यक्ती अजून कंपनीत आहे का, तेही बघ.